आयर्विनला किती फूट, एवढ्यावर नदी कळत नाही

जुलै संपत आला, कोयनेचे दरवाजे उचलले अशी बातमी आली की सांगलीत एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती फूट? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलंय? पानटपरीवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर, एसटीत, सकाळी दूध घालायला आलेल्या माणसाकडं, सगळीकडं तोच. 40 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 45 म्हणजे धोका पातळी, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं, 2019 ला 57 च्या आसपास पोचलं, 2021 ला परत पन्नाशी ओलांडली, आणि त्या त्या वर्षी आपल्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं हे प्रत्येकजण बोट दाखवून सांगतो.

आता यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. फूट म्हणजे पाण्याची उंची, पाणी किती आहे ते नव्हे. एक तांब्या पाणी परातीत ओतलं तर बोटभर सुद्धा चढत नाही आणि तेच पेल्यात ओतलं तर सांडतं. नदीचं पात्र म्हणजे भांडंच की, पण हे भांडं पितळेचं नाही, माती-वाळू-गोट्यांचं आहे, आणि ते बदलत राहतं, कुठं रुंद होतं, कुठं गाळानं भरतं, कुठं खोल जातं. आपण पाणी रोज मोजतो आणि भांडं मोजायचं राहून जातं, मग दहा वर्षांपूर्वीचे 40 फूट आणि आजचे 40 फूट एकच समजून बोलत बसतो. भांडं कसं मोजतात आणि त्यातनं काय कळतं ते आज सांगतो. मी सर्व्हेचं काम करतो, पण नदीचं वेड त्याच्या आधीपासनंच आहे, आणि ते घरातनं आलंय.

पलूस तालुक्यात नदीकाठाला आमची थोडी मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन आहे, ऊस असतो, कधी हळद. तिथं काठाजवळ एक जुनी विहीर आहे. माझे चुलते, आप्पा, नेहमी म्हणायचे, "अरं ह्या विहिरीच्या पलीकडनं आम्ही बैलजोडी वळवायचो, आता माणूस बी बघून वळतोय. नदी सरकतीया बाळा." मला वाटायचं जुन्या माणसांना सगळंच पूर्वी मोठं वाटतं. मग 2016 च्या मे महिन्यात टेप घेऊन गेलो, विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटनं एक ठिपका मारला आणि तिथनं काठाच्या कडेपर्यंत सरळ मोजलं, 18.40 मीटर भरलं. वहीत लिहिलं, तारीख टाकली. 2018 च्या नोव्हेंबरात 18.10. अडीच वर्षांत फक्त एक फूट, म्हणून मला वाटलं आप्पांचं काही खरं नाही. मग 2019 चा पूर आला. पाणी उतरल्यावर नोव्हेंबरात गेलो तर 12.10. सहा मीटर रान एका पुरात गेलं, उसाच्या चार सऱ्या मुळासकट. 2021 नंतर 11.30.

या चार आकड्यांनी मला जे शिकवलं ते कॉलेजात शिकलो नव्हतो. साडेपाच वर्षांत 7.10 मीटर गेलं, म्हणजे सरासरी काढली तर वर्षाला सव्वा मीटरच्या पुढं. पण सव्वा मीटर असं एकाही वर्षी गेलेलं नाही! नदी पगारासारखी दरमहा ठराविक घेत नाही, वर्षानुवर्षं गप्प बसते आणि एका आठवड्यात सगळं वसूल करते. आपल्या दख्खनच्या नद्यांचं तर हे खासच आहे, सगळा पाऊस चार महिन्यांत, त्यातला खरा जोर मोजक्या दिवसांत, आणि काठाला हात लावण्याइतकी ताकद फक्त मोठ्या पुरात. म्हणून 'नदी वर्षाला इतकं खाते' असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या वर्षापासनं कुठल्या वर्षापर्यंत मोजलं, आणि मधे मोठा पूर होता का.

आता नदी आकार बदलतेच का ते बघू. एक तराजू डोळ्यापुढं आणा. एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्या पारड्यात गाळ आणि त्याच्या कणांचा आकार. 1955 मध्ये लेन नावाच्या इंजिनियरनं हे असं मांडलं आणि आजही शिकवताना हाच तराजू काढतात. पाण्याचं पारडं जड झालं तर नदी तळ आणि काठ खरवडते, गाळाचं जड झालं तर ती गाळ टाकत जाते आणि पात्र उथळ होतं. दोन्ही सारखी असतील तर नदी जागच्या जागी राहते असं नाही, पण जेवढं इथनं नेते तेवढं तिथं ठेवते, एकूण हिशोब जुळतो.

धरण बांधलं की दोन्ही पारडी हलतात. कोयनेचं 105 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण, वाईजवळ कृष्णेवरचं धोम, वेण्णेवरचं कण्हेर, चांदोलीला वारणेचं, या सगळ्यांनी पाण्याबरोबर गाळही अडवला. धरणाच्या पोटात पाणी थांबतं, जड कण खाली बसतात, आणि दरवाज्यातनं जे पाणी बाहेर पडतं ते रिकाम्या हातानं निघालेलं असतं. अशा पाण्यात गाळ उचलायची ताकद शिल्लक असते, मग ते पुढं जाऊन काठातनं, तळातनं उचलतं. उलट बाजूनं धरण लहान-मध्यम पूर अडवतं, त्यामुळं पात्रात झाडझाडोरा वाढतो, गाळ साठतो, पात्र आकसतं. म्हणजे एकाच धरणामुळं एका ठिकाणी पात्र खोल आणि दुसऱ्या ठिकाणी अरुंद झालेलं दिसू शकतं. म्हणून मला ते 'धरणामुळं असं झालं' किंवा 'धरणाचा काही संबंध नाही' असं एका वाक्यात उडवणं पटत नाही, मोजल्याशिवाय दोन्ही बोलू नये.

आणि वळणं. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णा किती वळणं घेते ते नकाशात बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला डोह आणि उभी दरड, आतल्या बाजूला वाळवंट, म्हणजे वाळूचा पट्टा, हे नदीकाठच्या पोरांना पोहता पोहताच कळतं. पण का? चहाचा कप ढवळा आणि चमचा काढून घ्या. चहाची पावडर कुठं जमते? सगळ्यांना वाटतं कडेला जाईल, पण ती तळाला मध्यभागी येते. कारण वरचं पाणी वेगानं फिरतं म्हणून बाहेर सरकतं, कडेला आपटून खाली जातं आणि तळाकडनं परत मधे येतं, येताना पावडर ओढून आणतं. नदीच्या वळणावर हेच होतं, वरचं जोराचं पाणी बाहेरच्या काठावर जातं, तिथं खाली बुडी मारून काठाचा पाया कोरतं आणि तळातनं वाळू घेऊन आतल्या काठाकडं येऊन ठेवतं. खुद्द आइन्स्टाइननं 1926 साली नद्यांच्या वळणांवर लिहिताना हेच कपातल्या चहाचं उदाहरण घेतलं होतं. आमची विहीर वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे, समोरच्या गावाच्या बाजूला वाळवंट वाढतंय. आमचं रान कुठं गेलं ते समोर दिसतं असं आप्पा म्हणतात, ते पूर्ण खरं नाही, कारण इथली माती बरीच पुढं जाते आणि समोरची वाळू वरनं आलेली असते, पण चित्र म्हणून बरोबर आहे.

काठ कधी पडतो हेही बघण्यासारखं आहे. लोकांना वाटतं पूर चढताना. पण काठाच्या मोठमोठ्या ढलप्या पडतात त्या बहुतेक पाणी उतरताना. पूर चार-सहा दिवस राहिला की काठाची माती पाणी पिऊन जड होते, पण तोवर समोर नदीचंच पाणी टेकून उभं असतं, त्याचा आधार असतो. वर पाऊस थांबतो, विसर्ग कमी होतो, नदी भराभर उतरते, आणि मातीतलं पाणी मात्र तेवढ्या वेगानं निघत नाही. जड झालेली माती, समोरचा आधार गेलेला, खालनं पाया कोरलेला, मग एखाद्या शांत, ऊन पडलेल्या दुपारी धप्पकन आवाज येतो. म्हणून पाणी ओसरल्यावर लगेच काठावर बघायला जाऊ नका, कडेला समांतर भेग दिसली तर तिच्या आत पाऊल टाकू नका. ही सूचना मी मनापासनं करतोय.

आता मुख्य गोष्ट, मोजायचं कसं. नदीच्या आकाराचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात विश्वासाचं माप म्हणजे क्रॉस सेक्शन, मराठीत आडवा छेद. कलिंगड आडवं कापल्यावर आतला आकार दिसतो तसा नदीचा आडवा काप, कागदावर. नदीच्या दोन्ही बाजूला, पुराचं पाणी आणि नांगर दोन्ही पोचणार नाहीत अशा ठिकाणी एकेक पक्का खांब रोवायचा. त्याला आम्ही बेंचमार्क म्हणतो. हा खांब म्हणजे सगळ्याचा जीव. तो हलला, कुणी उपटला, रस्त्याच्या कामात गेला, की आधीच्या दहा वर्षांच्या मापांचा उपयोग संपला. म्हणून मी एका खांबावर कधीच विसंबत नाही, देवळाची पायरी, पुलाचा दगड असं जवळचं अजून एक-दोन पक्कं ठिकाण त्याला जोडून ठेवतो.

दोन खांबांच्या मधे प्रवाहाला काटकोनात एक सरळ रेषा धरायची आणि डाव्या काठापासनं सुरुवात करायची. डावा-उजवा कुठला यावरनं नेहमी घोळ होतो, तर नियम असा की नदी जिकडं वाहते तिकडं तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला असतो तो डावा काठ, जगभर हाच नियम. मग दर दोन-तीन मीटरवर, आणि जिथं जमीन एकदम तुटते तिथं जवळजवळ, उंची घ्यायची. पूर्वी डंपी लेव्हल, म्हणजे पातळी बघायची दुर्बीण, आणि स्टाफ, म्हणजे ती आकडे रंगवलेली उंच पट्टी, आता टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकदम मोजणारं यंत्र, किंवा आरटीके जीपीएस, म्हणजे दुरुस्ती घेऊन नेमकी जागा सांगणारं जीपीएस. आरटीके दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बरोबर सांगतं. पाण्यात शिरल्यावर गुडघ्याएवढ्या पाण्यात पट्टी चालते, पुढं होडी आणि वजन बांधलेली दोरी, आणि डोहात इको साउंडर. इको साउंडर आवाज खाली सोडतो आणि तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे परत यायला 0.004 सेकंद लागले तर जाऊन-येऊन 6 मीटर, खोली 3 मीटर. कृष्णेत मगरी आहेत हे विसरू नका, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर नक्कीच, एकट्यानं पाण्यात उतरून मोजायचं नाही, गावातला होडीवाला बरोबर घ्यायचाच.

हे सगळे बिंदू ग्राफवर मांडून जोडले की नदीचा काप तयार. पुढच्या वर्षी त्याच खांबांपासनं, त्याच रेषेवर, त्याच महिन्यात परत मोजायचं आणि दुसरी रेघ पहिल्या रेघेवर चढवायची. दोन रेघांच्या मधे जी फट दिसते तोच नदीनं केलेला बदल. मी पहिल्यांदा दोन वर्षांच्या रेघा एकावर एक टाकल्या तेव्हा बाहेरच्या काठाची रेघ रानाकडं सरकलेली आणि समोर वाळवंटाची रेघ वर उचललेली, मधला खोल भाग, म्हणजे जिथनं नदीची मुख्य धार जाते तो, आमच्या बाजूला आलेला, हे इतकं स्वच्छ दिसलं की प्रिंट काढून आप्पांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हितं चिंच हुती." चिंच माझ्या कुठल्याच मापात नव्हती. त्या दिवसापासनं मी जुन्या माणसांना विचारून झाड, पाणंद, मोटेची धाव कुठं होती ते पण वहीत लिहितो, बाजूला 'सांगीव' असं लिहून, कारण ते माप नाही पण कुठं मोजायचं ते सांगतं.

या फटीतनं आकडे पण निघतात. समजा नदी 100 मीटर रुंद आहे आणि सरासरी 30 सेंटिमीटर गाळ बसला. कापाचं क्षेत्रफळ 30 चौरस मीटरनं कमी झालं. असंच एक किलोमीटर लांब असेल तर 30,000 घनमीटर गाळ, आणि आपल्या भाषेत ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) सांगायचं तर साधारण 10,600 ब्रास. एक फूटभर थर म्हणून सोडून देतो आपण त्याला. अर्थात एका कापावरनं एक किलोमीटर बोलणं धाडसाचंच आहे, म्हणून वळणावर एक, सरळ भागात एक, बंधाऱ्याच्या वर एक, खाली एक, असे अनेक काप घ्यायचे असतात.

आता परत आयर्विनकडं. पुलावरचा फुटाचा आकडा नुसता उंची सांगतो म्हणालो, मग किती पाणी गेलं ते कोण मोजतं? केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत, कृष्णेवर कराडला, अर्जुनवाडला, कुरुंदवाडला, वारणेवर समडोळीला, कोयनेवर वारुंजीला. तिथं पातळीबरोबर प्रवाहाचा वेग आणि खोली मोजून क्युसेक-क्युमेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट किंवा घनमीटर पाणी जातं ते काढतात. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, हिशोब एवढाच, फक्त तुकड्यातुकड्यानं. असं अनेकदा मोजलं की एक वक्र मिळतो, अमुक पातळीला अमुक इतकं पाणी. एकदा तो बसला की रोज नुसती पातळी बघून पाणी सांगता येतं.

पण पात्र बदललं की हा वक्र चुकायला लागतो. आणि गंमत म्हणजे ती चूकच आपल्याला माहिती देते! समजा वीस वर्षांपूर्वी एका ठिकाणी 500 क्युमेक पाणी 6 मीटर पातळीला जात होतं आणि आज तेवढंच पाणी साडेपाच मीटरला जातंय, तर पात्र खोल किंवा रुंद झालं असावं. उलट साडेसहाला जात असेल तर कुठंतरी भरलंय, अडलंय. नदीत न उतरता, नुसत्या जुन्या नोंदींवरनं पात्राची तब्येत कळते.

सांगलीत मात्र यात एक मोठी अडचण आहे आणि ती समजली नाही तर सगळा अर्थ उलटा लागेल. पुलाच्या खाली थोड्याच अंतरावर हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. वारणा, पंचगंगा भरून आल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढं जायला जागा मिळत नाही, ते मागं फुगतं. याला फुगवटा म्हणतात. अशा वेळी वरनं येणारं पाणी तेवढंच असताना आयर्विनचे फूट चढतात, पात्राचा आकार तसूभर न बदलता. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तिथं सुद्धा एकीची पातळी दुसरीच्या जोरावर ठरते. म्हणून फुटाचा आकडा वाढला की लगेच 'गाळ साठलाय, काढा' असं म्हणणं बरोबर नाही. पातळी, प्रवाह आणि काप हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय गाळ की फुगवटा हे सांगता येत नाही.

सॅटेलाइटनं होतं की सगळं, कशाला एवढी खटपट, असं बरेच जण विचारतात. सॅटेलाइट फार कामाचं आहे, यात वाद नाही. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 ला गेला, म्हणजे अर्ध्या शतकाची चित्रं फुकट मिळतात. युरोपचा सेंटिनल-2 हा 2015 पासून आहे, दर पाच दिवसांनी साधारण नवं चित्र. पण चित्राचा एक ठिपका जमिनीवर केवढा ते बघा. आताच्या लँडसॅटचा ठिपका 30 मीटरचा, सेंटिनलचा 10 मीटरचा. आमच्या विहिरीजवळ नदी सात मीटर सरकली, लँडसॅटला ते दिसणारच नाही! कोसीसारखी नदी, जी 2008 मध्ये बांध फोडून शंभराहून जास्त किलोमीटर बाजूला गेली, तिथं उपग्रहाला तोड नाही. आपली कृष्णा तशी नाही, ती उंच काठांच्या मधे, बऱ्याच ठिकाणी खाली काळा पाषाण असलेल्या पात्रात वाहते, ती किलोमीटरनं सरकत नाही, मीटरनं सरकते, आणि ते मीटर ज्याच्या रानातले असतात त्याच्यासाठी लहान नसतात.

दुसरी गोष्ट, उपग्रह पाण्याची कड बघतो, काठाची नव्हे. दिवाळीनंतर बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं आणि नदी चित्रात रुंद दिसते, उन्हाळ्यात बरगे काढले की अरुंद. कुणी एका वर्षीचं जानेवारीचं आणि दुसऱ्या वर्षीचं मे महिन्याचं चित्र घेऊन 'नदी आकसली' म्हणत असेल तर त्यानं नदी नाही, बंधारा मोजलाय. पावसाळ्यात तर ढगच असतात, तेव्हा रडारवाला सेंटिनल-1 उपयोगी पडतो, तो ढगातनं बघतो, पुराचं पाणी कुठवर पसरलं ते त्याच्यावरनंच कळतं. जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपो नकाशेही आजच्या चित्रावर बसवता येतात, फक्त बसवताना न हललेल्या गोष्टी धरायच्या, जुनी देवळं, घाट, 1929 चा आयर्विन पूल. नकाशा बसवतानाच दहा मीटरची चूक झाली तर नदी दहा मीटर सरकल्यासारखी दिसते आणि माणूस उगाच घाबरतो.

वाळूबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. येरळा बघा, ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळणारी, वर्षातले बरेच महिने वरनं कोरडी. कोरडी दिसते पण वाळूच्या आत पाणी असतं, वाळू म्हणजे नदीची टाकी आहे, काठावरच्या विहिरींना तीच पाजते. वाळू उपसली की पात्र खाली जातं आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्याकडं ओढलं जातं. किती वाळू काढली तर चालेल हा प्रश्न कापाशिवाय सुटतच नाही. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये छोट्या वाळू पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, आणि केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पावसाळ्याआधी आणि नंतर मोजून, नदीनं किती वाळू परत आणली याचा अभ्यास करायला सांगितलंय. म्हणजे बँकेत व्याज किती जमा झालं ते बघूनच काढायचं, मुद्दल नाही. नियम चांगला आहे. आपल्या गावात वाळूचा लिलाव निघाला तर ग्रामसभेत उभं राहून तो अभ्यास दाखवा म्हणून मागा, दोन्ही कापांचे ग्राफ मागा.

पूर कुठवर येईल ते नकाशावर दाखवणाऱ्या निळी आणि लाल पूररेषाही यातूनच येतात. 25 वर्षांतनं एकदा येईल अशा पुराची निळी, 100 वर्षांतनं एकदा येईल अशा पुराची लाल. कॉम्प्युटरमध्ये नदीचे काप घालून, त्यातनं तेवढं पाणी सोडून या रेषा काढतात. काप जुने असतील आणि दरम्यान नदीकाठाला भराव पडले असतील, नव्या पुलाचे उंच रस्ते झाले असतील, तर रेषा नकाशावर एकीकडं आणि पाणी दुसरीकडं.

घरच्या घरी काय करता येईल? बरंच काही. ल्युना लिओपोल्ड नावाच्या अमेरिकन नदी-अभ्यासकानं 1962 मध्ये एक कल्पना मांडली होती, लहान लहान ठिकाणं निवडायची, साध्या साधनांनी मोजायची, पण वर्षानुवर्षं सोडायची नाहीत. आपल्याला तेच जमण्यासारखं आहे. न हलणारी एक खूण धरून काठापर्यंतचं अंतर वर्षातनं दोनदा, मे आणि नोव्हेंबर. नोव्हेंबरचं शक्यतो बरगे घालायच्या आधी, काठ उघडा असताना. एकाच जागेवर उभं राहून, एकाच दिशेला एक फोटो, समोर देऊळ किंवा पुलाचा खांब येईल असा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच चौकट धरता येते. काठाच्या मातीत मीटरभर लांबीची सळई आडवी ठोकून ठेवायची, आज दोन बोटं बाहेर असेल आणि पावसाळ्यानंतर वीतभर बाहेर आली तर तेवढी माती गेली. आणि सातारा जिल्ह्यातल्या, वाईच्या वरच्या अंगाच्या मंडळींनी तर गोटे मोजावेत, पात्रात चालत जायचं, पाऊल पडेल तिथला न बघता गोटा उचलायचा, मधली जाडी मोजून लिहायची, असे 100. ही पद्धत वोल्मन यांनी 1954 ला दिली. गोटे वर्षागणिक मोठे होत गेले तर बारीक माल वाहून जातोय आणि वरनं नवा येत नाहीय.

वहीत तारीख, वेळ, पाणी किती होतं, टेप कुणी धरला, खूण नेमकी कुठं आहे, हे सगळं लिहायचं. 2019 च्या पुरात माझा काठाजवळचा एक खुंट गेला, तो कुठं होता ते फक्त डोक्यात होतं, त्या ठिकाणची तीन वर्षांची मापं आता कशालाच जोडता येत नाहीत. ते मला अजून लागतं. तेव्हापासनं प्रत्येक खुणेचा लांबनं एक आणि जवळनं एक फोटो आणि दोन पक्क्या ठिकाणांपासनं अंतर, हे पहिल्या पानावर असतंच.

विहिरीच्या कठड्यावरचा तो ठिपका दर दोन वर्षांनी परत रंगवावा लागतो. मोजताना टेपचं शून्य त्याच्यावर आप्पा धरतात, मी कडेच्या अलीकडं थांबून लांब काठीनं टेप पुढं करतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो, ते तोच आकडा परत मोठ्यानं म्हणतात, आणि दोघांचा जुळला तरच वहीत जातो.